माया व्हायला सत्तेचाळीस वर्षं

२५ ऑक्टोबर २०२५, शनिवार. दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो आणि फोन वाजायला लागला. सतीश शाह गेले. कॉलेजच्या ग्रुपवर, ऑफिसच्या ग्रुपवर, अगदी सोसायटीच्या ग्रुपवरही (जिथे एरवी फक्त पाण्याच्या टँकरवरून भांडणं होतात) सगळीकडे इंद्रवदनचेच फोटो. संध्याकाळी मी तेच केलं जे त्या दिवशी बऱ्याच जणांनी केलं असणार. 'साराभाई व्हर्सेस साराभाई' पहिल्या भागापासून लावलं. बायकोने दोनदा येऊन "अजून तेच?" असं विचारलं आणि तिसऱ्यांदा आली ती चहाचे दोन कप घेऊन शेजारीच बसली. रविवार तिथेच संपला.

गंमत अशी की बसलो होतो सतीश शाहांसाठी आणि बघत राहिलो मायाला. म्हणजे रत्ना पाठक शाहला. आणि मधेच कधीतरी सवयीने हिशोब केला (आमच्या धंद्यात कुठलाही आकडा दिसला की वजाबाकी करायची खोड लागते). जन्म मार्च १९५७. मालिका सुरू झाली नोव्हेंबर २००४ मध्ये. म्हणजे माया साराभाई तिच्या वाट्याला आली तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती.

मी सध्या चव्वेचाळीसचा आहे. त्यामुळे हा आकडा जरा लागलाच.

ज्यांनी पाहिलं नाहीये (असे कोणी असतील तर कृपया आधी ते बघा, हे नंतर वाचा) त्यांच्यासाठी थोडक्यात. कफ परेडला राहणारं श्रीमंत गुजराती कुटुंब. आई माया, म्हणजे उच्चभ्रूपणाची परमावधी. वडील इंद्रवदन, ज्यांचा आयुष्यातला एकमेव छंद बायकोला आणि धाकट्या मुलाला छळणं. धाकटा रोसेश, कवी (!). थोरला साहिल, कॉस्मेटिक सर्जन, घरातला एकमेव शहाणा माणूस. आणि त्याची बायको मनीषा, दिल्लीकडची, काटकसरी, पसारा घालणारी, 'एकावर एक फ्री' दिसलं की हरखून जाणारी. 'मनीषा' हे नाव फार मिडल क्लास वाटतं म्हणून सासूने तिचं 'मोनिशा' करून टाकलंय. बास, एवढंच. सासू-सून समोरासमोरच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि भांडतात. त्या काळात बाकी चॅनेलांवर सासवा-सुना ढणाढणा संगीतावर एकमेकींकडे तीन-तीनदा वळून बघायच्या. त्या सगळ्या प्रकाराची ही घरगुती टिंगल होती. लेखक आतिश कपाडिया, दिग्दर्शक देवेन भोजानी, जे त्यात दुष्यंत नावाचा जावईही झालेत. मिक्सर का बिघडला हे कोणी विचारलेलं नसताना वायरिंगपासून समजावून सांगणारा. प्रत्येक टीममध्ये एक दुष्यंत असतो. तुमच्या टीममध्ये कोणी दिसत नसेल तर... असो :-)

मालिका स्टार वन नावाच्या तेव्हाच्या नव्या चॅनेलवर लागायची. जेमतेम सत्तर भाग आणि २००६ मध्ये बंद. टीआरपी काही फार नव्हता. आम्ही चौघं तेव्हा कर्वेनगरला टू बीएचकेमध्ये राहायचो आणि एका मित्राच्या हार्डडिस्कवरून ते भाग पुण्यातल्या किती मशीनवर फिरले असतील याचा हिशोब नको. नंतर रिपीट टेलिकास्ट आणि यूट्यूबने त्या मालिकेला जे आयुष्य दिलं, ते तिला चालू असताना मिळालंच नव्हतं.

तर रत्ना पाठक.

'फिल्मी खानदान' म्हटलं की आपल्याला कपूर आठवतात. स्टुडिओ, बॅनर, काकाने पुतण्याला लाँच करणं वगैरे. हे घर तसलं नव्हतं. आई दीना पाठक, मूळच्या अमरेलीच्या. 'इप्टा'च्या चळवळीतून आलेल्या आणि गुजराती रंगभूमीवरचं फार मोठं नाव. भवाई या लोकनाट्याच्या बाजाचं त्यांचं 'मेना गुर्जरी' १९५७ साली, म्हणजे रत्नाच्या जन्माच्याच वर्षी, राष्ट्रपती भवनात झालं होतं. आपण त्यांना ओळखतो ते 'गोलमाल'मधली (१९७९ चा, नंतरचे गाड्या उडवणारे नव्हेत) खोटी आई म्हणून. मावशी शांता गांधी. 'जसमा ओडन' करणाऱ्या, दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकवणाऱ्या आणि पुढे त्याच संस्थेच्या अध्यक्ष झालेल्या. वडील बलदेव पाठक यांचं गेटवे ऑफ इंडियाजवळ कपडे शिवायचं दुकान होतं. दिलीपकुमार आणि राजेश खन्ना यांचे कपडे तिथे शिवले जायचे. म्हणजे सिनेमाशी संबंध होता, पण मापं घेण्यापुरता.

बहीण सुप्रिया चार वर्षांनी धाकटी. तिचं पृथ्वी थिएटरवरचं काम बघून जेनिफर केंडलने श्याम बेनेगलांकडे तिचं नाव सुचवलं. पहिला सिनेमा 'कलयुग' (१९८१) आणि पहिल्याच फटक्यात सहाय्यक अभिनेत्रीचं फिल्मफेअर. लगेच 'बाजार', 'मासूम'. रत्ना थोरली, रीतसर एनएसडीत शिकलेली. सत्यदेव दुब्यांच्या नाटकात काम करताना नसीरुद्दीन शाह भेटला, १९८२ ला लग्न झालं. आता बघा. आई दीना पाठक, नवरा नसीर, धाकटी बहीण फिल्मफेअरवाली, आणि पुढे तिचा नवरा म्हणजे पंकज कपूर. घरच्या जेवणाच्या टेबलावर एवढी मंडळी बसलेली असताना आपण 'सध्या काय चाललंय?' या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं?

कारण रत्नाचं सिनेमात विशेष काही चाललेलं नव्हतं. 'मंडी' (१९८३) मध्ये ती आहे, पण शबाना आणि स्मिता असलेल्या सिनेमात तुम्हाला तिचा रोल चटकन आठवणार नाही. 'मिर्च मसाला' (१९८७) मध्ये तर आई आणि दोन्ही मुली अशा तिघी आहेत, आणि तो सिनेमा अर्थातच स्मिता पाटीलचा. तरुणपणी सिनेमाने आपल्याला फारसं विचारलं नाही हे रत्नाने मुलाखतींमधून स्वतःच मोकळेपणाने सांगितलंय.

आमच्याकडे कंपनीत रेफरल असतं. तुमचा मित्र आत असेल तर तुमचा रेझ्युमे ढिगाच्या वरती येतो, इंटरव्ह्यूचा फोन येतो. पुढे तुमचं तुम्ही. नेपोटिझमवर तावातावाने बोलणाऱ्या मंडळींना (मीही त्यातलाच) रत्ना पाठकचं काय करायचं हे कळत नाही. तिच्याइतकी रेफरल्स कोणाकडे असतील? आणि तरी वीस वर्षं ती, आमच्या भाषेत, बेंचवर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बेंच म्हणजे तुम्ही पगारावर आहात पण प्रोजेक्ट नाही. रोज जायचं, कार्ड स्वाइप करायचं, कँटीनमध्ये कोणाशी नजरानजर होऊ नये अशा वेळी जेवायचं. मी २०२३ मध्ये तीन महिने होतो. कंपनीचं नाव सांगत नाही, क्लायंटचंही नाही, ते महत्त्वाचं नाही. पहिले पंधरा दिवस मी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. मॅनेजर भेटला की "बघतोय, काहीतरी येईल" म्हणायचा आणि बोलताना माझ्या खांद्यावरून मागे बघायचा. माणूस वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी आपण आता लागत नाही की काय या शंकेने रात्री तीनला उठून बसतो. हे लिहायला आता सोपं वाटतंय, तेव्हा नव्हतं.

म्हणून मला रत्नाच्या 'मायाच्या आधी'च्या वर्षांत रस आहे. काय करत होती ती?

नाटक करत होती. नसीर, बेंजामिन गिलानी आणि टॉम ऑल्टर यांचा 'मोटली' नावाचा ग्रुप, ज्याची सुरुवात १९७९ ला पृथ्वीवर 'वेटिंग फॉर गोदो'ने झाली. (दोन माणसं नाटकभर वाट बघतात आणि कोणी येत नाही. बेंचवरच्या प्रत्येकाने वाचावं किंवा मुळीच वाचू नये.) त्या ग्रुपमध्ये ती वर्षानुवर्षं कामं करत राहिली. 'डिअर लायर'मध्ये तिने आणि नसीरने दोघांतच अख्खं नाटक केलं, बर्नार्ड शॉ आणि मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल यांच्या पत्रव्यवहारावरचं. 'इस्मत आपा के नाम'मध्ये इस्मत चुगताईंच्या तीन कथा तीन नट एकेकट्याने सादर करतात. ते मी पुण्यात पाहिलंय. नेपथ्य म्हणावं असं काही नाही. ही एकटी बाई उभी राहते आणि 'मुग़ल बच्चा' ही कथा सांगायला लागते. म्हातारी झाली, नवरी झाली, रुसलेला नवरदेव झाला, परत सांगणारी झाली. कुठे सांधा दिसत नाही. मला उर्दू अर्धंच कळतं आणि एकही वाक्य सुटलं नाही.

आणि मधूनमधून टीव्ही. १९८५ ला दूरदर्शनवर 'इधर उधर', आनंद महेंद्रूचं. एका घरात राहणाऱ्या दोन मुली, रत्ना आणि सुप्रिया. आमच्या पिढीतल्यांना पुसटसं आठवेल. मग १९९३ मध्ये झी टीव्हीवर 'फिल्मी चक्कर', सिनेमाने झपाटलेल्या कुटुंबाची गोष्ट, आणि नवरा कोण? सतीश शाह! म्हणजे इंद्रवदन आणि मायाची जोडी अकरा वर्षं आधीच जुळलेली होती. 'साराभाई'मध्ये ती दोघं सोफ्यावर बसून एकमेकांकडे न बघता जे एकमेकांची वाक्यं झेलतात ना, ते काही पहिल्या दिवशी जमत नाही.

आता जो भाग मला सगळ्यात भारी वाटतो तो. २००२ मध्ये त्याच लेखकाची, त्याच निर्मात्यांची 'खिचडी' आली होती. त्यातली हंसा म्हणजे सुप्रिया. झोपाळ्यावर बसलेली, कामाचा कंटाळा असलेली, जिला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही आणि जी प्रत्येक इंग्रजी शब्दाचा अर्थ प्रफुलला विचारते (आणि तो जो अर्थ सांगतो त्याने शब्दकोशवाले आत्महत्या करतील). दोन वर्षांनी थोरली बहीण माया झाली, जिला इंग्रजीशिवाय नीट रागावताच येत नाही. एकाच आईच्या दोन मुली, दोघी गुजराती नाटकवाल्या घरातल्या, आणि दोघींनी दोन टोकांच्या गुजराती बायका अशा उभ्या केल्या की एकीकडे बघताना दुसरीची आठवणसुद्धा येऊ नये. दीना पाठक ऑक्टोबर २००२ मध्ये गेल्या. माया त्यांनी पाहिली नाही. याचं मला उगाचच वाईट वाटतं.

मायाकडे नीट बघा. एखाद-दुसरा अपवाद सोडला तर ती आवाज चढवत नाही. तिचा सगळ्यात मोठा अपमान हा काळजीच्या सुरात येतो. डॉक्टर रिपोर्ट वाचताना चष्म्यावरून बघतात ना, तसं ती मोनिशाच्या पडद्यांकडे बघते. "मोनिशा बेटा" म्हणताना 'बेटा' खरोखर प्रेमाने म्हणते आणि लगेच पुढच्या श्वासात सुरी. 'मिडल क्लास' हे दोन शब्द उच्चारताना तिचा आवाज किंचित खाली जातो, जणू एखाद्या रोगाचं नाव आहे आणि घरात लहान मुलं आहेत. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर ती नुसती खाष्ट सासू झाली असती. इथे आपल्याला तिचा राग येत नाही. मोनिशाची बाजू घेऊन बसतो आणि हसतो मायाच्या वाक्यांवर. मला इतक्या वर्षांनी वाटतं की हे नाटकातून येतं. वाक्य टाकून झाल्यावर समोरच्या प्रेक्षकाला हसायला किती वेळ द्यायचा हे ज्या बाईने हजार संध्याकाळी मोजलंय, तिला स्टुडिओत प्रेक्षक नसतानाही ते ऐकू येतं.

आता कबुलीजबाब.

२००६ मध्ये मी बाणेरला एकट्याने भाड्याचा फ्लॅट घेतला. काचेचं सेंटर टेबल, बीन बॅग, सगळं सही. आई चिपळूणहून राहायला आली होती. आणि आई ती आईच. दुधाच्या पिशव्या धुवून, चिमट्याला लावून, स्वयंपाकघराच्या खिडकीत ओळीने वाळत. मिठाईचे खोके जपून ठेवलेले. शनिवारी माझा टीम लीड आणि त्याची बायको जेवायला येणार होते. मी त्या पिशव्या भराभर ओढून काढल्या आणि अगदी मायाच्या टोनमध्ये, 'किती मिडल क्लास, आई!' असं म्हणालो. विनोद म्हणून. त्या वेळी आम्ही ऑफिसात दिवसातून वीसदा एकमेकांना तेच म्हणायचो. पण आईने मालिका पाहिलेली नव्हती. ती काही बोलली नाही. जेवण उत्तम झालं, टीम लीडने सोलकढी तीनदा घेतली. बुधवारी तिला गाडीत बसवायला गेलो तेव्हा तिने पाण्याची बाटली काढायला बॅग उघडली. त्या पिशव्या आत व्यवस्थित घडी करून ठेवलेल्या होत्या. घरी न्यायला.

पुढे २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आई आमच्याकडे अडकली ती पाच महिने. तेव्हा मी तिला 'साराभाई' दाखवलं. खरं सांगतो, मनात धाकधूक होती. 'मिडल क्लास' पहिल्यांदा आलं तेव्हा मी टीव्हीकडे बघायच्या ऐवजी तिच्याकडे बघत होतो. ती हसली. चांगली खळखळून हसली. मला वाटलं होतं तिला मोनिशा आवडेल, तिची सगळी लक्षणं तीच. पण नाही. तिला आवडली माया.

"का गं?"

"अरे, बोलते ती, पण दार बघ. सूनबाई रात्री-बेरात्री कधीही आत येते. दार उघडंच आहे. तुझी आजी एक शब्द वाईट बोलायची नाही मला. पण दार लावून घ्यायची."

मी तोपर्यंत ती मालिका निदान चार वेळा पाहिली असेल. ते दार मला दिसलं नव्हतं.

मायानंतर रत्नाचं काय झालं हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. ज्या सिनेमाने वीस वर्षं विचारलं नव्हतं तो रांगेत उभा राहिला. 'जाने तू... या जाने ना' (२००८) मधली आई, जी भिंतीवरच्या दिवंगत नवऱ्याच्या फोटोशी भांडते आणि फोटोत नसीर. 'गोलमाल ३', 'कपूर अँड सन्स'. २०१४ च्या 'खूबसूरत'मध्ये तिने केलेली करड्या शिस्तीची राणी ही १९८० च्या हृषिकेश मुखर्जींच्या 'खूबसूरत'मधल्या दीना पाठकांच्या भूमिकेवरून बेतलेली होती. नावही तेच, निर्मला. चौतीस वर्षांनी मुलगी आईच्या खुर्चीत. (नवा सिनेमा जुन्याच्या पासंगालाही पुरत नाही, पण रत्नाचे प्रवेश तेवढे बघा.) आणि 'लिपस्टिक अंडर माय बुरखा'. भोपाळची पंचावन्न वर्षांची विधवा बुआजी, जी धार्मिक पुस्तकात लपवून चावट कादंबऱ्या वाचते. सेन्सॉरने २०१७ मध्ये आधी प्रमाणपत्रच नाकारलं होतं, मग अपीलात सुटका होऊन जुलैमध्ये लागला. मायाचा एक कणसुद्धा नाही त्यात. २०१७ ला हॉटस्टारवर 'साराभाई'चा दुसरा सीझनही आला होता. काही मजा आली नाही, पुढे जाऊ. २०२३ च्या 'धक धक'मध्ये ती मोटारसायकलवरून खारदुंग ला गाठायला निघालेली आजी आहे. वय सहासष्ट.

तिकडे मोनिशा, म्हणजे रूपाली गांगुली (तीही दिग्दर्शक अनिल गांगुलींची मुलगी), २०२० पासून 'अनुपमा' झाली आणि टीआरपीत सगळ्यांच्या पुढे गेली. ज्या बंगाली मालिकेवरून 'अनुपमा' आली तिच्यावरूनच आपली 'आई कुठे काय करते!'. आई दोन्ही बघायची. मोनिशाने नीटनेटकं घर ठेवलेलं बघून तिला जरा चुकल्यासारखं व्हायचं.

त्या रविवारी रात्री आईला फोन केला. तिला बातमी कळलेली होती.

"गेला ना रे तो?"

"हो."

"फार छळायचा तिला." थोडा वेळ गप्प. "आणि ती? बरी आहे ना?"

"मस्त आहे. सिनेमात मोटारसायकल चालवते आता."

"या वयात?"

"हो."

"चालवू दे," आई म्हणाली. मग तिने दिवाळीच्या चिवड्याचा डबा परत पाठवायची आठवण केली, रिकामा नको म्हणाली, आणि फोन ठेवला.